डोंगराकडच्या गोलामागची जागा

आमच्याकडे येण्याआधी माझ्या भावाला, डेसला, सात क्लबांनी हाकललं आणि त्यातल्या एकानेही ते त्याला धड तोंडावर सांगितलं नाही. पहिल्या क्लबाच्या अध्यक्षाने बायकोकरवी फोन केला. दुसऱ्याने गावच्या पेपरात छापून आणलं, आणि डेसने ते न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धं डोकं कापून झालेलं असताना वाचलं. एका ठिकाणी तर संघाची बस त्याला न घेताच निघून गेली. हा आपला चौकात पावसात उभा, खांद्यावर चेंडूंची जाळी. तिथूनच त्याने मला फोन केला, "मेव्हिस, बस चुकली वाटतं." मी म्हटलं, "अरे शहाण्या, बस चुकली नाही, तुला काढलंय." त्याला ते संध्याकाळपर्यंत पटत नव्हतं.

टीव्हीवर जो फुटबॉल दाखवतात त्याच्याशी आमचा काही संबंध नाही. आमचा त्याच्या कितीतरी पायऱ्या खाली. आमची पोरं दिवसभर टपाल वाटतात, भिंतींना गिलावा करतात आणि शनिवारी दुपारी चिखलात लोळतात. संघ चालवणारा मॅनेजरही तसलाच. डेस पोटासाठी लोकांना गाडी शिकवायचा. त्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता, आणि आयुष्यभर तो दाबून दाबून त्याच्या उजव्या पायाला खोडच लागली होती. मॅच चालू असताना तो रेषेजवळ उभा राहायचा आणि समोरचा संघ चेंडू घेऊन आमच्या गोलाकडे निघाला की याचा उजवा पाय जमिनीत रुतायला लागायचा. तिथे काही ब्रेक नव्हता. गोल व्हायचाच.

शेवटी तो आमच्या ब्रॅकनडेनला आला. आठवा क्लब, पण आपला. आमचे बाबा इथे मैदान राखायचे, मी चहाची खिडकी सांभाळते. चहा, मटणाचे पाय, वाटाण्याचा लगदा. पाय म्हणजे पेस्ट्रीतले हो, बकऱ्याचे नव्हेत. माझ्या खिडकीतून अर्धंच मैदान दिसतं, आणि आमचा संघ बघायला तेवढं पुरतं.

त्या दिसणाऱ्या अर्ध्यात डोंगराकडचा गोल येतो. त्याच्यामागे सपाट गवताचा पट्टा आहे आणि त्यात आमची माणसं आहेत. क्लबाचं एखादं जुनं माणूस गेलं की घरची मंडळी राख घेऊन येतात आणि तिथे छोटा खड्डा करून ठेवतात. आधी गोलातच टाकायचे, पण राखेने गवत जळतं, म्हणून बाबांनीच मागची जागा ठरवली. आणि मग स्वतःच तिथे जाऊन राहिले. त्यांच्या शेजारी हॅरल्ड नटॉल. हा हॅरल्ड मॅच बघतानाच गेला, कॉर्नर मिळाला होता आम्हाला, त्याच वेळी. त्याच्यासाठी खड्डा डेसने खणला, बागेतल्या खुरप्याने. तेव्हापासून नटॉलबाई दर शनिवारी येतात, मैदानाकडे पाठ करून गवताकडे बघत उभ्या राहतात आणि हॅरल्डला स्कोअर सांगतात. हरत असलो तरी सांगतात. त्या बाबतीत बाई अगदी प्रामाणिक.

तर झालं काय, आमची लीग जिंकली की वरच्या लीगमध्ये बढती मिळते. पण वरच्यांना छपराखालच्या खुर्च्या लागतात, आणि त्या प्रत्येक खुर्चीतून सगळं मैदान दिसलं पाहिजे. मार्च संपायच्या आत हे सगळं तयार पाहिजे. नसेल तर जिंका नाहीतर काही करा, आहात तिथेच राहा. आमच्याकडे खुर्च्या होत्या त्या लाकडी, आणि त्यांना केव्हाच वाळवी खाऊन गेली होती.

आमचा अध्यक्ष रोलंड टॅटरसॉल, गालिच्यांचा दुकानदार. माणूस वाईट नाही, पण बोलताना नेहमी वाटतं की आता हा आपल्या दिवाणखान्याचं माप घेणार. त्याने उन्हाळ्यात सभा बोलावली. म्हणाला, तयार खुर्च्यांचा सांगाडा ट्रकवरून येतो, छपरासकट, खाली फक्त काँक्रीट ओतायचं. आणि त्याला जागा एकच, डोंगराकडच्या गोलामागे. बाकी एका बाजूला नदी, एका बाजूला लोकांच्या परसबागा.

सभेत नटॉलबाई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स धरून. त्यांनी कुणाकडे बघितलंही नाही.

तेव्हा डेस उठला. त्या वर्षी आम्ही शेवटून दुसरे आलो होतो, तेही शेवटच्या क्लबाचे गुण कापले म्हणून. तो म्हणाला, "खुर्च्या कशाला? वर कोण चाललंय?"

सगळे हसले. डेसही हसला. मग नटॉलबाईंकडे वळून म्हणाला, "मी इथे आहे तोवर त्या गवताला फावडं लागणार नाही. माझा शब्द." आणि हात वर केला. सगळ्यांनी केला. रोलंडने सुद्धा केला, कारण खर्च वाचला. मला कुणी विचारलं नाही. मी मागे कपबश्या विसळत होते.

मला आजही त्या वाक्याचा राग येतो. वर कोण चाललंय. सात ठिकाणी लाथा खाल्लेला माणूस दुसरं काय बोलणार म्हणा. जिंकणं ही दुसऱ्यांनी करायची गोष्ट आहे असं त्याला मनापासून वाटायचं, आणि म्हणून तो एवढा उदार झाला. ज्याला जिंकायची थोडी तरी आशा असते तो जरा विचार करून शब्द देतो.

आणि मेलं नेमकं त्याच वर्षी आम्ही जिंकायला लागलो.

का, ते मला विचारू नका. डेसलाही ठाऊक नव्हतं. ऑगस्टमध्ये जिंकलो, तेव्हा लोक म्हणाले नशीब. ऑक्टोबरमध्ये जिंकत होतो, तेव्हा म्हणाले समोरचे बेकार आहेत. कप्तान स्टू हॅलिवेल, पोस्टमन, ज्याचे गुडघे जिना चढताना कुरकुर करतात, तो सुद्धा डोक्याने गोल मारायला लागला. नाताळात आम्ही पहिले. डेसचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सुखी नव्हे, संशयी. मॅच जिंकून खिडकीशी यायचा, चहा घ्यायचा आणि म्हणायचा, "मेव्हिस, काहीतरी चुकतंय."

"तुझं डोंबल चुकतंय," मी म्हणायचे. "पाय खा गरम गरम."

पण फेब्रुवारीत रोलंडच्या तोंडचं पाणी पळालं. लीगचं पत्र आलं, खुर्च्या तपासायला माणूस येतोय. मग जी धावपळ झाली ती काय सांगू. कुठल्याशा पाडलेल्या थिएटरातून खुर्च्या आणल्या, लाल मखमलीच्या. नदीकाठच्या उतारावर, संडासाच्या भिंतीला धरून, अख्ख्या गावाने गारठ्यात उभं राहून त्या बसवल्या. स्टूची बायको सिमेंट कालवत होती. नटॉलबाईंनी सगळ्यांना केक आणला. डेस छपरावर पत्रे ठोकत होता आणि मी पहिल्यांदा त्याला शीळ घालताना ऐकलं. लहानपणानंतर पहिल्यांदा.

तपासनीस आला तो बारीक, सभ्य, स्वतःचा थर्मास घेऊन आलेला. शिव्या द्यायला सुद्धा जागा नव्हती त्या माणसात. त्याने प्रत्येक खुर्चीत बसून बघितलं. उठला, पुढच्या खुर्चीत बसला. आम्ही सगळे समोर उभे, जणू तो आमचा फोटो काढणार आहे. शेवटी म्हणाला, "संडासामुळे या निम्म्या खुर्च्यांमधून तो गोल दिसत नाही. आणि उरलेल्यांच्या मधोमध दिव्याचा खांब येतो. मला या धरता येणार नाहीत. खरंच वाईट वाटतंय." त्याला खरंच वाईट वाटत होतं. मग त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि डोंगराकडच्या गोलामागे बोट दाखवून विचारलं, "ती जागा छान आहे की. ती का नाही घेतली?"

आम्ही सगळे डेसकडे बघायला लागलो. नटॉलबाई त्या दिवशी सर्दीमुळे घरी होत्या.

महिना संपायला अजून अवकाश होता. रोलंड घरोघर फिरला. ज्यांची ज्यांची माणसं त्या गवतात होती त्या सगळ्यांना विचारलं. काही रडले, काही रागावले, पण हो म्हणाले. आमच्या बाबांच्या वतीने मी हो म्हटलं. बाबांना क्लब वर गेलेला बघायचा होता. गवत त्यांनी आयुष्यभर पुष्कळ बघितलं होतं. राहिल्या फक्त नटॉलबाई, आणि त्यांच्या कानावर परस्पर कुणी काही घालायचं नाही असं ठरलं. रोलंड माझ्या खिडकीशी येऊन डेसला म्हणाला, "शब्द तू दिलास, तर विचारायचं तूच. मी गेलो तर गालिचेवाला नवऱ्यावर काँक्रीट ओततोय असं होईल."

"विचारतो," डेस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गेला. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या? म्हणाला, "त्यांच्या घराची पन्हळ गळतेय. दुरुस्त करून आलो."

चार दिवसांनी पुन्हा गेला. त्या वेळी त्यांच्या दारावरची घंटा दुरुस्त केली.

मग माझे हात शिवशिवायला लागले. तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेले. नटॉलबाईंनी चांगली कपबशी काढली, जिऱ्याचा केक कापला. भिंतीवर हॅरल्डचा फोटो, गळ्यात क्लबाचा मफलर. त्या हॅरल्डबद्दल बोलत होत्या, की त्याला थंडीत कान दुखायचे, तरी टोपी घालायचा नाही. डेस चमच्याने चहा ढवळत बसला. साखर घातलीच नव्हती त्यात. मी तीन वेळा त्याच्याकडे बघितलं. शेवटी म्हटलं आपणच बोलावं, आणि तोंड उघडलं.

"नटॉलबाई, ते गोलामागचं..."

टेबलाखाली माझ्या पायावर त्याचा बूट दाबला गेला. उजवा. असा जोरात की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"गोलामागचं गवत छान आलंय," डेस म्हणाला.

"हो ना," नटॉलबाई म्हणाल्या. "छानच आलंय."

बाहेर पडल्यावर मी त्याला रस्त्यातच झापलं. तू माणूस आहेस की कोण? अख्खं गाव तुझ्या तोंडाकडे बघतंय. स्टूचं हे शेवटचं वर्ष आहे. तुझंही असेल. तुझ्याच्याने होत नसेल तर मी एकटी जाऊन विचारते, त्यात काय एवढं. त्याने मला थांबवलं. म्हणाला, "तू विचारलंस तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही." असं तो मला कधी बोलला नव्हता. मग म्हणाला, "मेव्हिस, मला सात अध्यक्षांनी शब्द दिला होता, काढणार नाही म्हणून. सातही जणांनी. मला माहितीये तो मोडल्यावर कसं वाटतं." मला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला, आणि दोन्ही घेऊन मी घरी गेले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी फाटकाबाहेर खोदायचं यंत्र येऊन उभं होतं. रोलंडने भाड्याने आणलं होतं, चालक आत बसून पेपर वाचत होता. रोलंड म्हणाला, "डेस, फक्त हो म्हण. काँक्रीट लवकर सुकणारं आहे, सांगाडा दोन तासांत उभा राहतो. मी तपासनीसाला आजच बोलावतो."

डेस यंत्राकडे बघत राहिला. "उद्या विचारतो बाईंना," म्हणाला.

"उद्या एप्रिल आहे," रोलंड म्हणाला.

अंधार पडायच्या आत यंत्र परत गेलं.

पोरांना सगळं कळलं होतं. लपणार कसं? तरी ती खेळत राहिली. स्टूने ड्रेसिंग रूममध्ये सांगितलं म्हणे, आपण जिंकू, मग बघू कोण अडवतं आपल्याला. पोरं डेसला गॅफर म्हणतात, म्हणजे आपला मालक म्हणा ना. त्या सगळ्यांना वाटत होतं गॅफर काहीतरी करेल. कुणाशी तरी बोलेल. गॅफर काय करणार होता, डोंबल? शेवटच्या मॅचआधी तो माझ्याकडे आला आणि विचारलं, "मी त्यांना काय सांगू? जिंका म्हणू? कशासाठी जिंका म्हणू?" मी त्याच्या गळ्यातला मफलर नीट केला.

जिंकलो. स्टूने एक मारला, दुसरा त्यांच्याच माणसाने स्वतःच्या गोलात घातला. लीगच्या साहेबाने चषक दिला, हात मिळवला आणि पावसाच्या भीतीने लगेच गाडीत जाऊन बसला. पोरं चषक घेऊन डोंगराकडच्या गोलापाशी गेली, कुणीतरी त्यातली बिअर गवतावर ओतली, बाबांना, हॅरल्डला, सगळ्यांना. मी खिडकीतून बघत होते आणि मला हुंदका आवरेना.

तेवढ्यात नटॉलबाई खिडकीशी आल्या. डेस आत माझ्याजवळ बसला होता, गर्दी चुकवून, बाहेरून दिसणार नाही असा.

"एक चहा दे गं. हॅरल्डला सांगून आले. मग आता वर जाणार ना आपण?"

मी म्हटलं, "नाही हो. खुर्च्या नाहीत ना."

"त्या लाल मखमलीच्या?"

"त्या नाही धरल्या त्यांनी. गोलामागे करायला हव्या होत्या. पण तिथे हॅरल्ड आहेत. डेसने तुम्हाला शब्द दिला होता."

नटॉलबाईंनी कप खाली ठेवला. "मग मला विचारायचं नाही का?"

मी डेसकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

"हॅरल्ड पन्नास वर्षं तिथे उघड्यावर भिजला," त्या म्हणाल्या. "कान दुखून दुखून रात्रभर कण्हायचा. त्याच्या डोक्यावर छप्पर येतंय म्हटल्यावर मी नाही म्हटलं असतं होय? मी तर म्हणत होते, डेस सारखा येतोय, पन्हळ काय, घंटा काय. बिचाऱ्याला काहीतरी मागायचंय आणि धीर होत नाही. मला वाटलं पैसे हवे असतील. मी वीस पौंडाची नोट काढून साखरेच्या डब्याखाली ठेवली सुद्धा होती, त्याने तोंड उघडलं की द्यायला."

डेस हसला. त्याला लहानपणापासून ओळखते मी. बाबा गेले तेव्हाही असाच हसला होता.

त्यानंतर फार सांगण्यासारखं नाही. वर जायला मिळालं नाही म्हणून गोल मारणारी दोन पोरं दुसरीकडे गेली. स्टूच्या गुडघ्यांनी हात टेकले. उन्हाळ्यात रोलंडने निवांतपणे गोलामागे काँक्रीट ओतलं, सांगाडा उभा केला, निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, वर छप्पर. तपासनीस आला, एका फेरीत सही करून गेला, माझ्याकडचा पाय खाऊन गेला. आणि हंगाम सुरू झाल्यावर आम्ही हरायला लागलो. नोव्हेंबरमध्ये रोलंडने पेपरात सांगितलं की मॅनेजरवर आपला पूर्ण विश्वास आहे. असं छापून आलं की मॅनेजर गेलाच समजायचं, म्हणून मी त्याच दिवशी डेसचा मॅचचा डबा भरायचा बंद केला. शनिवारपर्यंत त्याला काढलं होतं. पण या वेळी तोंडावर सांगितलं. रोलंड रडला सुद्धा, असं डेस म्हणाला.

पुढच्या मॅचला डेस आला. रोलंडने सांगून ठेवलं होतं की त्याच्याकडून पैसे घेऊ नका, पण त्याने तिकीट काढलंच. आडवा पाऊस होता. नवीन छपराखाली खुर्च्या जवळजवळ रिकाम्या, पहिल्या रांगेत नटॉलबाई, पायांवर घोंगडी, बूड बरोबर हॅरल्डच्या जागेवर. आता त्या मैदानाकडे तोंड करून बसतात आणि स्कोअर खाली बघून सांगतात. त्यांनी डेसला हाक मारली, "ये रे बाळा, इथे कोरडं आहे." तो कठड्याशीच उभा राहिला. बाहेर, पावसात. समोरचा संघ आमच्या गोलाकडे निघाला की त्याचा उजवा पाय चिखलात रुतत होता.

मी खिडकी लावून घेतली आणि दोन चहा घेऊन त्याच्याकडे गेले. नखशिखांत भिजला होता.

"अरे, बस की आत," मी म्हटलं. "एवढ्या खुर्च्या पडल्यात."

त्याने खुर्च्यांकडे बघितलं, मग त्यांच्या खालच्या काँक्रीटकडे.

"बाबांवर कसा बसू?" तो म्हणाला.

मी त्याच्या हातात कप दिला. मीही बसले नाही. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो, आणि थोड्या वेळाने समोरच्या संघाने दुसरा गोल केला.